फेन्स्टरमाखरची रायफल

क्लिंगर्स गॅप, पेनसिल्व्हेनिया
९ मार्च १९९४

रॉइस,

तुमचं सांत्वनाचं पत्र मिळालं. फर्नने पाठवलेला हॅम लोफही पोचला. तुमच्या बायकोला सांगा, चव चांगली होती, लवंग मात्र जरा जास्त पडली. दुःखाच्या घरी पाठवायचं म्हणून घाईत केला असेल.

लेस्टरला जाऊन दोन महिने होत आले. तुम्ही थडग्यापाशी टोपी हातात धरून उभे होतात ते मी पाहिलं. थंडीने तुमचे कान लाल झाले होते, तरी टोपी घातली नाहीत. तेवढं तुमच्या खात्यावर जमा करते. मग चर्चच्या तळघरात जेवणं चालली असताना तुम्ही कॉफी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसलात. माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीत, घराच्या छपराची केलीत, आणि मग आवाज खाली आणून विचारलंत, "आर्डिथ, ती कुठे ठेवलीय?"

क्षणभर मला वाटलं, लेस्टरची कुणी बाई होती की काय. तशी ती होतीच म्हणा. मला यायला उशीर झाला, ती आधीपासून होती. आमच्या लग्नाआधी लेस्टरला ती त्याच्या चुलत्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली, जुन्या पोत्यांखाली. फेन्स्टरमाखर नावाच्या सायकली बनवणाऱ्या माणसाने कारखाना जळून जायच्या आधी हौसेने काही रायफली केल्या होत्या. त्यातली एवढी एकच कुणाच्या पाहण्यात आहे. तिच्यात जी बारकी रिमफायर, म्हणजे कडेवर ठोकली की उडणारी, गोळी जाते ती आता कुठे बनतही नाही. तुम्हा मंडळींचं मला नेहमी नवल वाटत आलंय. जिची गोळी मिळत नाही तीच बंदूक तुम्हाला जास्त प्यारी.

तुम्ही ती आठवण म्हणून मागितलीत. मी विचार करते. मला बंदुकीतलं काही कळत नाही, हे तुम्हीच तीस वर्षं माझ्या टेबलाशी बसून, मी केलेली काकवीची शूफ्लाय पाय खात मला सांगत आलात. तेव्हा मला जरा वेळ द्या.

तोवर काळजी नसावी. पुढच्या खोलीचे पडदे मी उघडलेत. उन्हाने तिच्या लोखंडावरचे रंग उडतात म्हणून लेस्टरने ती खोली सगळा संसार अंधारात ठेवली. माझ्या आफ्रिकन व्हायोलेटच्या कुंड्या मी न्हाणीघराच्या खिडकीत वाढवल्या. आता कुंड्या पुढच्या खोलीत आल्यात, आणि त्यांच्या शेजारी खिडकीच्या फळीवर ती आहे. दुपारपर्यंत छान ऊन असतं. दोघी उन्हात बऱ्या दिसतात.

आर्डिथ मोयर


क्लिंगर्स गॅप
२८ मार्च १९९४

रॉइस,

तुमची दोन पत्रं एकाच दिवशी आली. पोस्टमनने विचारलं, कुणी आजारी आहे का? शिवाय फोन. एवढं अगत्य तुम्ही लेस्टर जिवंत असताना दाखवलं असतंत तर त्याला किती बरं वाटलं असतं.

तुम्ही म्हणता म्हणून ती मी खिडकीतून काढली. आता ती कपडे धुवायच्या खोलीत आहे, मशीनच्या मागे, भिंतीला टेकून. तिथे ऊन अजिबात येत नाही. ओल येते थोडी, पण तुम्ही उन्हाचं लिहिलं होतंत, ओलीचं नव्हतं.

शेजारची इव्हा क्लिंगर काल येऊन गेली. ती म्हणाली, अगं, केवढी काळवंडलीय, हार्डवेअरच्या दुकानात लोखंड निळं करायच्या औषधाची बाटली मिळते, तारेच्या घासणीने आधी खरवडून काढ आणि मग लाव, नव्यासारखी होईल. मला पटलं. नवऱ्याची वस्तू पाहुण्याला द्यायची तर स्वच्छ करून द्यावी, असं माझी आई सांगायची. तुमचं काय मत?

आणि एक शंका आहे. हसू नका, बायकी शंका आहे. गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात, बंबवाल्यांच्या फायर हॉलमध्ये तुमच्या जुन्या बंदुकांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं तेव्हा, तुम्ही भिंगातून पाहून सांगितलं होतंत की ही पॉलिश केलेली आहे. तुमच्यात त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते मला तीस वर्षांत नीट कळलंय. पॉलिश केलेली म्हणजे कारखान्यातले मूळ रंग घासून काढलेली, म्हणजे मेलेली. तिला मान नाही, तिला गिऱ्हाईक नाही. मग जी एकदा पॉलिश झालीय ती मी आणखी एकदा केली तर बिघडलं काय? आणि जी मेलेली आहे तिच्यासाठी तुम्ही दोन पत्रं आणि तीन फोन का करता?

सवडीने उत्तर द्या. बाटली आणायला मी शनिवारी गावात जाणार आहे.

आर्डिथ


क्लिंगर्स गॅप
११ एप्रिल १९९४

रॉइस,

शनिवारच्या आत तुमचं पत्र आलं. गाडीने आणून टाकलंत ना? फाटकाशी चिखलात चाकांच्या खुणा होत्या. आत यायला हरकत नव्हती, कॉफी दिली असती.

तुम्ही लिहिता, "त्या दिवशी हॉलमध्ये उजेड कमी होता. माझ्याकडून कदाचित घाई झाली असेल." कदाचित. उजेड. हे दोन शब्द मी शिवणाच्या टेबलाशी बसून पुन्हा पुन्हा वाचले. बाटली आणली नाही. घासणी घरात होतीच, ती ओट्यावर ठेवून दिली.

आता मी त्या दिवसाचं सांगते. तुम्ही तिथे होतात, पण तुम्हाला फक्त रायफल दिसत होती. मी तिकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत चिकन-कॉर्न सूप वाढत होते आणि मला माझा नवरा दिसत होता.

लेस्टरने ती कधी कुणाला उघड दाखवली नव्हती. मित्र म्हणून घरी येणाऱ्यांना, तेही पडदे ओढून. त्या वर्षी त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, आर्डिथ, आता माझं वय झालं, एकदा सगळ्यांना बघू दे. नवा शर्ट घातला. टेबलावर माझी हिरवी चादर अंथरली. मिल्टन झेर्बे, जो तुमच्या मंडळात सगळ्यात म्हातारा आणि ज्याला एका कानाने ऐकू येत नाही, तो तिच्यापुढे टोपी काढून उभा राहिला. मग तुम्ही आलात. वाकलात. भिंग काढलंत. आणि भिंग खाली ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "लेस्टर, ही पॉलिश केलेली आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. चांगली केलीय."

तो म्हणाला, "मी हात लावलेला नाही तिला."

आणि तुम्ही म्हणालात, "मग कोंबड्यांनी केली असेल."

हॉल हसला. माझ्या हातातला डाव सुपात पडला. खुराड्यातून जशी मिळाली तशी ठेवली, हे तो जन्मभर सांगत आला होता. म्हणजे तुमच्या एका वाक्याने तो आधी फसवा ठरला आणि मग हसण्यावारी गेला. त्यानंतर गुराढोरांच्या खाद्याच्या दुकानात गेला की पाठीमागून कुणीतरी कोंबडीसारखं कुककुक करायचं. गंमत म्हणून हो. आपल्याकडे लोक फार गमतीदार.

खरं-खोटं करायचा एक उपाय होता. नळीखालच्या लाकडाचा स्क्रू काढायचा, लाकडाआड उजेड-हवा न लागलेलं लोखंड बघायचं, आणि ते बाहेरच्याशी ताडून बघायचं. मी लेस्टरला म्हटलं, काढ की स्क्रू, दाखव त्यांना. तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी मुलाचं पोट फाडून बघ म्हणाले. "त्या स्क्रूला फेन्स्टरमाखरनंतर कुणाचा हात लागलेला नाही, आर्डिथ. खाचेला ओरखडा गेला तर?" तुम्हाला हे ठाऊक होतं, रॉइस. तो सिद्ध करू शकेल, पण करणार नाही, हे ओळखून तुम्ही बोललात. आठवड्याभरात तुम्ही आमच्या दारात उभे, काळजीचा चेहरा करून: लेस्टर, तुला तिचा त्रास होत असेल तर मी घेऊन जातो. आधी तीनदा मागून झाली होती, तेव्हा त्याने दिली नव्हती. त्या दिवशीही दिली नाही. तेवढं त्याचं डोकं शाबूत होतं.

पुढे राहिलं नाही. जेवणं झाली की तो भिंग घेऊन बसायचा. आधी म्हणायचा, कुठेच काही नाही. मग म्हणायला लागला, इथे एक रेघ दिसते. मग दोन दिसायला लागल्या. एक दिवस मला म्हणाला, "मीच तर लहानपणी केली नसेल ना? पोर होतो, घासली असेल आणि विसरलो असेन." तुम्ही माणसाकडून त्याची स्वतःची आठवण काढून घेतलीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. बरोबरच म्हणाले.

तुम्हीच मला एकदा ओरडला होतात, आठवतं? मी फडकं मारताना लेस्टरच्या एका रायफलीचा चाप ओढला होता, रिकामीच होती. तुम्ही म्हणालात, बाई, रिमफायर कधी रिकामी झाडायची नाही, गोळी नसली की घोड्याची टोची नळीच्या कडेवर बसते आणि तिथे कायमचा खळगा पडतो. तुमचा तो शब्दही रिकामाच होता. खळगा पडला.

तर आता माझं ऐका. मला पैसे नकोत. रायफल मी तुम्हाला फुकट देईन. फक्त पंधरा मेला फायर हॉलमध्ये वसंतातलं प्रदर्शन आहे, त्या दिवशी मी लेस्टरचं टेबल घेतलंय. तिथे उभं राहायचं, ज्यांच्यापुढे बोललात त्यांच्यापुढे सांगायचं की तुम्ही खोटं बोललात. चूक झाली असं नाही. उजेडाचं नाव काढायचं नाही.

नसेल जमत तर तसं कळवा. घासणी ओट्यावर आहे.

आर्डिथ मोयर


क्लिंगर्स गॅप
१७ मे १९९४

रॉइस,

घरी नीट पोचलात ना? गाडीत बसताना किल्ली तुमच्या हातून दोनदा चिखलात पडली म्हणून विचारते.

तुम्ही बोललात. नाही म्हणू नये. पहिल्यांदा बोललात ते तुमच्या बुटांनीच ऐकलं असेल, म्हणून मला म्हणावं लागलं, रॉइस, मिल्टनला ऐकू आलं नाही, त्याच्या चांगल्या कानाकडे तोंड करून परत सांगा. मग तुम्ही परत सांगितलंत. मग मिल्टनने "काय?" म्हटलं. मला पक्कं माहीत आहे, त्याला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं. म्हाताऱ्याने मजा करून घेतली. तिसऱ्या वेळी तुम्ही ओरडलात, "मी खोटं बोललो! ती पॉलिश केलेली नव्हती, मला माहीत होतं!" आणि डोनटच्या टेबलाशी उभी असलेली पोरंसोरंसुद्धा वळून बघायला लागली. फर्न दाराशी पर्स घट्ट धरून उभी होती. तिचं मात्र मला वाईट वाटलं.

मग मी मिल्टनला म्हटलं, काढा स्क्रू. तुम्ही चक्क "नको, नको" म्हणत पुढे आलात. लेस्टरला ज्या एका पुराव्याने वाचवलं असतं, तो ओरखड्याच्या भीतीने त्याने दिला नाही, आणि तुम्हीही तेच "नको" म्हणत होतात. तुम्ही दोघे एकाच मातीचे. मी त्या मातीची नाही. मिल्टनने खाचेत बरोबर बसेल असा पेचकस शोधून हळू फिरवला, लाकूड उतरवलं, आणि आतलं लोखंड सगळ्यांनी पाहिलं. निळे, जांभळे, पिवळसर ढग, आणि तेच ढग जरा फिके होऊन बाहेरपर्यंत आलेले. ज्याला बघायचं होतं त्याने हातात घेऊन बघितलं. खाद्याच्या दुकानातला तो कुककुक करणाराही रांगेत होता. मिल्टन म्हणाला, "लेस्टरने हिला हात लावला नव्हता." इतकंच म्हणाला, आणि मी सूप वाढायच्या खिडकीमागे जाऊन तोंड धुऊन आले.

माझं काम झालं. लेस्टरचं नाव जिथे मातीत गेलं तिथेच उचललं गेलं. हॉलभर माणसं साक्षीला आहेत, आता ते कुणी परत पाडू शकत नाही. तुम्हीसुद्धा नाही.

फर्नकडून कळलं, तुम्ही काचेचं कपाट करून घेतलंय. आत हिरवं मखमल, वर छोटा दिवा, तोही रंग न उडवणारा. किती काळजी घेता. फर्न म्हणाली, गेली कित्येक वर्षं इतका आनंदात दिसला नव्हता, हॉलमधला अपमानसुद्धा विसरलाय. हे ऐकलं तेव्हा मी भांडी घासत होते आणि माझा हात थांबला. विसरलात, रॉइस? दोन दिवसांत? लेस्टरला तर मरेपर्यंत विसरता आलं नाही.

शब्द दिलाय तो पाळीन. मला दोन-तीन आठवडे द्या, नीट बांधून पाठवते. ती इतकी जुनी आहे की कायद्याच्या लेखी बंदूकच नाही, तेव्हा पार्सलची काही अडचण येऊ नये.

आर्डिथ


क्लिंगर्स गॅप
६ जून १९९४

रॉइस,

आजवर अहो-जाहो केलं, आता पुरे. हे पत्र खोक्यात सगळ्यात वर ठेवलंय. आधी हे वाच, मग कागद सोड. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू आधी कागद सोडशील. हरकत नाही. मग ओरडून झालं की वाच.

हार्डवेअरच्या दुकानात पोराने विचारलं, कशासाठी हवीय बाटली? मी म्हटलं, नवऱ्याच्या मित्राला भेट द्यायचीय. लेस्टरच्या बाकावर बसले, त्याचाच दिवा लावला, त्याचंच फडकं घेतलं. आधी घासणी, मग बारीक पूड, मग बाटलीतलं औषध. मला वाटलं होतं, ते रंग फडक्यावर उतरतील. तसं होत नाही. ते कुठेच उतरत नाहीत, नुसते नाहीसे होतात. आणि खाली साधं पांढरं लोखंड निघतं, नळाच्या तोटीसारखं; त्यावर मग बाटलीतला एकसारखा निळा चढला. दस्त्यालाही मी वॉर्निश मारलंय. लेस्टरच्या चुलत्याने चाकूने कोरलेली अक्षरं सँडपेपरखाली गेली. आता ती दुकानातून आणल्यासारखी दिसते. इव्हा क्लिंगर म्हणाली, बघ, मी सांगितलं नव्हतं?

मी रडले. तुझ्यापासून लपवायचं काही कारण नाही. या लोखंडाच्या तुकड्याकडे लेस्टर ज्या डोळ्यांनी बघायचा तसं त्याने माझ्याकडे कधी बघितलं नाही, आणि तरी रडले. तो असता तर त्याने माझा हात धरला असता, आणि त्यानंतर मला कधी माफ केलं नसतं. असो. मीही त्याला त्या अंधाऱ्या खोलीबद्दल पुरतं माफ केलेलं नाही. आमचं आम्ही बघून घेऊ, जिथे भेटू तिथे.

आता तू काय करशील ते सांगते. आधी मिल्टनला फोन करशील, बाईने नासवली म्हणशील. जरूर कर. पण नीट विचार कर. एकदा तू म्हणालास, ही पॉलिश केलेली आहे. मग उभा राहून ओरडलास, नाही, मी खोटं बोललो. आता तिसऱ्यांदा म्हणणार, आहे. तिसऱ्या वेळी लोक ऐकत नाहीत, रॉइस. कुककुक करतात.

किंवा कुणाला सांगणार नाहीस आणि कपाटाला आतून पडदा लावशील. मला वाटतं तू हेच करशील. पडद्यामागची खोली कशी असते ते फर्नला मी सांगू शकेन, तिला म्हणावं कधीही ये.

आणखी एक. नळीखालच्या लाकडाचा स्क्रू आता सैल झालाय, मिल्टनने एकदा काढलाच आहे, तेव्हा तुला संकोच नको. ते लाकूड उतरव. तिथे आत, बोटभर जागेत, मी घासणी लावली नाही. मुद्दाम. फेन्स्टरमाखरने केले तसेच ढग तिथे आहेत, निळे आणि जांभळे, कुणी हात न लावलेले. तुझ्याकडे ती कशी येऊ शकली असती, ते तुला हवं तेव्हा बघता येईल. तू बघशील. भिंग घेऊन बसशील, जेवणं झाल्यावर, रोज.

मी बंदुकीतली अडाणी, पण माणसाचा शब्द पाळायला मला शिकवलंय. तू मंडळातला जाणता. भरल्या हॉलमध्ये, भिंगातून बघून तू माझ्या नवऱ्याला म्हणालास की ही पॉलिश केलेली आहे. आता आहे. तुझा शब्द मी खाली पडू दिला नाही.

आर्डिथ मोयर